गावरान कोंबड्यांना सर्दी झाली आहे, रात्री घरघर ऐकू येते. कोणतं औषध द्यावं?

तुमच्या दहा-बारा कोंबड्यांच्या नाकाला पाणी आहे, एकीचा डोळा सुजलाय, रात्री घरघर येते. शेजारी म्हणतात खुराडं गच्च झाका आणि माणसांची अमॉक्सिसिलिन भाकरीतून द्या. देऊ का, असं तुम्ही विचारलंय.

देऊ नका. खुराडंही गच्च झाकू नका.

अगदी हाच वाद आमच्या घरात होऊन गेलाय. माझे दीर अजूनही सणावाराला पाहुण्यांसमोर सांगतात की कोंबड्या त्यांच्या कॅप्सूलने वाचल्या. म्हणून जरा लांबून सांगते.

आम्ही पाटण तालुक्यातले. पावसाळा संपता संपता भाऊजींनी आठवडी बाजारातून दोन तलंगा आणल्या. दिसायला तुकतुकीत. मी म्हटलं, महिनाभर गोठ्यात वेगळ्या डालग्याखाली ठेवू. ते म्हणाले, "वहिनी, कोंबडीला कुठं वेगळी खोली असते काय? रात्री खुराड्यात सोडली की सकाळी सगळ्या एक होतात." आणि सोडल्या. पंधरवड्याच्या आत आमची जुनी कोंबडी मान झटकून शिंकायला लागली, डोळ्याच्या कोपऱ्यात फेस आला, मग दुसरी, मग कोंबडा. खाणं मात्र सगळ्यांचं चालू होतं, हे लक्षात ठेवा.

भाऊजींचं निदान एकच, थंडी लागली. त्यांनी खुराड्याच्या जाळीला चारी बाजूंनी खताच्या गोण्या ठोकल्या, वर प्लास्टिक ओढलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी दार उघडून आत वाकले तर डोळे चुरचुरले. ओल्या शिटेचा अमोनिया होता तो. हवेच्या दहा लाख भागांत 25 भागांच्या वर गेला की कोंबडीच्या श्वासनळीतली बारीक लव निकामी होत जाते, आणि घाण बाहेर ढकलायचं काम तीच लव करते. आपण उभे असतो, कोंबडी रात्रभर त्या शिटेच्या वर वीतभर अंतरावर नाक धरून बसते. कोंबडीला थंडी पिसांमुळे सोसते, कोंदट हवा सोसत नाही. तिच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या पोटापर्यंत गेलेल्या असतात, काही हाडांतसुद्धा हवा जाते. म्हणून तिची सर्दी नाकापुरती राहत नाही.

मी गोण्या फाडून काढल्या. त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. वरच्या बाजूला हवा खेळेल अशी वीतभर फट ठेवली, अंगावर वारा येणार नाही एवढाच खालचा भाग झाकला, ओला थर पूर्ण उपसून कोरडं भाताचं तूस टाकलं. आजारी पक्षी वेगळे केले, त्यांचं पाण्याचं भांडंही वेगळं.

तोवर भाऊजींची अमॉक्सिसिलिन सुरू झाली होती. कॅप्सूल फोडून भाकरीच्या चुऱ्यात. जी धष्टपुष्ट ती जास्त खाणार, जी आजारी तिला चोचभरही मिळणार नाही. घरघर तशीच. मग मी एक आजारी कोंबडी पाटीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी बघितलं, छातीला कान लावला आणि सांगितलं, हा मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूमुळे होणारा श्वासाचा रेंगाळणारा आजार, म्हणजे सीआरडी. आणि मला जे समजावलं ते मी घरी येऊन शब्दशः ऐकवलं: अमॉक्सिसिलिन जंतूच्या पेशीची भिंत बांधू देत नाही, आणि या जंतूला भिंतच नसते. मग त्या औषधाने काय होणार? त्यांनी टायलोसिन दिलं, पिण्याच्या पाण्यातून, सलग पाच दिवस, दुसरं पाणी समोर ठेवायचं नाही. त्यानंतर घरघर थांबली. भाऊजींचं म्हणणं, कॅप्सूलचा गुण उशिरा आला. तसं होत नाही. उघडी हवा, कोरडं तूस आणि योग्य औषध, या तिन्हींनी पक्षी वाचले.

आता तुमचं. डोळ्यात फेस, घरघर, पण दाणा टिपतायत, तर सीआरडी असण्याची शक्यता मोठी. चेहरा फुगलाय आणि नाकाच्या स्रावाला घाण वास येतोय तर कोरायझा, म्हणजे दुसऱ्या जंतूमुळे होणारी सर्दी, त्याचं औषध वेगळं. तोंडात पिवळे चट्टे असतील तर देवी घशात उतरल्यात. मान वर ताणून, चोच आ वासून श्वास घेत असेल तर श्वासनळीत जंतही असू शकतात, मग अँटिबायोटिक फुकट जातं. हिरवी शिट, पाय-पंख लुळे, मान पिळलेली दिसली तर मानमोडी, म्हणजे राणीखेत. तो विषाणू आहे, त्याला औषध नाही, फक्त आधी दिलेली लस. रात्री सगळं शांत झालं की बॅटरी न लावता खुराड्याजवळ उभं राहून ऐका, कोण घरघरतंय ते दिवसापेक्षा नीट कळतं. मग तीच कोंबडी दवाखान्यात न्या.

लसूण बारीक चिरून दाण्यात घाला, बिघडत काही नाही, आमच्या आत्यासुद्धा घालतात. पण काढा, तेल, पाणी चमच्याने नरड्यात ओतू नका. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं, सगळं तिकडे जातं. शेजारच्या काकूंची कोंबडी अशीच हातातल्या हातात गेली. धरतानाही छाती आवळू नका. तिला आपल्यासारखा श्वासपटल नाही, छातीचं हाड वर-खाली झालं तरच श्वास होतो.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. एकदम दोन-चार पक्षी मेले, तुरे निळे पडले, तर कोंबडी कुठेही नेऊ नका, कापू नका, मेलेल्याला उघड्या हाताने शिवू नका. तो बर्ड फ्लू असू शकतो. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा आणि त्यांना येऊ द्या. 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच महाराष्ट्रात, नवापूरला सापडला, 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात आला.

औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत. सीआरडीतून बरी झालेली कोंबडी जंतू बाळगतच राहते आणि तो अंड्यातून पिल्लात उतरतो, म्हणून तिची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नका. तिला बाजारात विकूही नका. आमच्याकडे आलेल्या तलंगा कुणीतरी अशाच विकलेल्या होत्या, यावर मी ठाम आहे.

राणीखेतची लस राहिली असेल तर पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटा लसीचा थेंब, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. एका कुपीत 100 किंवा जास्त पक्ष्यांचे डोस असतात, तेव्हा आळीतल्या सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी द्या, बर्फात आणा, कालवल्यावर दोन तासांत संपवा. तुमच्या कोंबड्यांना मात्र आत्ता देऊ नका, आधी त्या पूर्ण बऱ्या होऊ द्या.