चाकाच्या लॉकिंग नटची चावी हरवली आहे, नट कसा काढायचा?

आधी नीट शोधा. लॉकिंग नट म्हणजे चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला खास नक्षीचा नट; त्याची चावी म्हणजे त्यावर बसणारं बोटभर लांबीचं सॉकेट असतं आणि बहुतेकदा गाडीतच सापडतं: स्टेपनीच्या खळग्यात, जॅकच्या पिशवीत, ग्लोव्ह बॉक्समध्ये, डिकीच्या बाजूच्या कप्प्यात. मागच्या वेळी टायर बदलले तिथेही विचारा. चावी तिथेच राहून जाणं नेहमीचं आहे.

नाहीच मिळाली, तर गाडीच्या कागदपत्रांत कोड असलेलं छोटं कार्ड पाहा. त्या कोडवरून नवी चावी मागवता येते. कोडही नसेल, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे बऱ्याचदा त्या कंपनीच्या चाव्यांचा पूर्ण संच असतो; नटच्या नक्षीशी जुळवून ते नट काढून देतात.

शेवटचा उपाय एक्स्ट्रॅक्टर सॉकेट, म्हणजे चावीशिवाय नट पकडून काढणारं सॉकेट. आत उलटे आटे असतात. नटवर हातोडीने घट्ट ठोकून बसवायचं आणि लांब दांड्याने, झटके न देता, सावकाश डावीकडे फिरवायचं. चाक जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला. नट सैल झाल्यावरच जॅक लावा. नटभोवती सुटी फिरणारी कडी असेल तर सॉकेट नुसतं गरगरतं, तिथे गॅरेजच गाठा. वेल्डिंग किंवा छिन्नी घरी नको, अलॉय व्हील खराब होतं.

चावी असली तरी तिच्यावर एअर गन (हवेच्या दाबावर नट फिरवणारं यंत्र) कधीच चालवू देऊ नका. तिच्या बारीक कडा त्यानेच तुटतात. हातानेच सोडवा आणि नट परत बसवताना शेवटी मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच टॉर्क (आवळण्याचा जोर) द्या.