लोडरचे बुश बदलूनही लवकर का झिजतात?

आपण विचारले आहे की भूमिगत खाणीतील एलएचडी लोडरच्या (खनिज भरून वाहून नेणाऱ्या यंत्राच्या) बकेटचे बुश, म्हणजे सांध्याच्या पिनेभोवती बसणाऱ्या धातूच्या नळ्या, नवे घालूनही थोड्याच काळात ढिले होतात, तर ते मूळ कंपनीचेच घ्यावेत की बाहेरच्या वर्कशॉपमधून करवून घ्यावेत. खाणयंत्रांच्या देखभालीच्या कामावरून मी सांगेन की हे ठरवण्याआधी बुश ज्या बोअरमध्ये (भोकात) बसणार आहे तो बोअर मोजावा. जुना बुश ढिला असतानाही यंत्र चालवत राहिल्यास तो बोअरमध्ये फिरू लागतो आणि बोअर भाराच्या दिशेने लांबट होतो. अशा बोअरमध्ये कितीही उत्तम बुश ठोकला तरी त्याला सगळीकडून आधार मिळत नाही आणि तो पुन्हा सुटतो. म्हणून बोअर गेजने दोन्ही टोकांना व मध्यभागी, प्रत्येक ठिकाणी किमान दोन दिशांनी माप घ्यावे. लांबटपणा आढळल्यास वेल्डिंगने भर घालून लाइन बोरिंग (भोके एका रेषेत पुन्हा गोल कोरणे) करून घेण्याला पर्याय नाही. काढलेल्या बुशचे माप देऊन नवा करवून घेण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी, कारण तो झिजलेला आणि दबलेला असतो.

बोअर गोल असेल, तर बाहेरून केलेला बुशही चांगला चालतो. मात्र धातू, कठीणपणा आणि ग्रीसची खाच हे सारे ड्रॉइंगवर लिहून द्यावे. धातूच्या निवडीकडे विशेष लक्ष द्यावे, असे मला वाटते. ब्राँझ पिनेपेक्षा मऊ असल्याने आधी बुश झिजतो आणि महागडी पिन वाचते, हे सामान्यतः खरे आहे. पण सील फाटून दगडाची बारीक धूळ आत गेली की ती ब्राँझमध्ये रुतून बसते आणि तोच बुश पिनेला कानसासारखा घासू लागतो. काढलेल्या पिनेवर भाराच्या बाजूला ओरखड्यांचा पट्टा दिसत असेल, तर हेच घडले आहे असे समजावे आणि नव्या बुशसोबत नवे सील व गरजेप्रमाणे नवी पिनही घालावी. अतिशय धुळीच्या सांध्यांवर कठीण केलेला पोलादी बुश अधिक टिकतो, पण त्याला ग्रीसची हेळसांड अजिबात खपत नाही.

बुश हातोड्याने ठोकू नये, थंड करून आत सरकवावा. उणे 78 अंश सेल्सिअसच्या ड्राय आइसमध्ये (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये) 100 मिमी व्यासाचा पोलादी बुश साधारण 0.13 मिमी आकसतो आणि बहुतेक वेळा तेवढे पुरते. द्रव नायट्रोजन किंवा ड्राय आइस भूमिगत बोगद्यात वापरणे मला मान्य नाही, कारण दोन्हींचा वायू हवेतील प्राणवायूला बाजूला सारतो आणि ड्राय आइसचा वायू तर जड असल्याने तळाशी साचतो. यंत्र वर आणणे शक्य नसेल, तर हायड्रॉलिक जॅक व ओढबोल्ट वापरून बुश सरळ आत ओढावा. बसवल्यावर बुशचा आतला व्यास आवळला जातो, म्हणून पिन घालण्यापूर्वी तो पुन्हा मोजावा. शेवटी सांधा सावकाश हलवत ग्रीस भरावे आणि ते दोन्ही टोकांतून बाहेर येते का हे पाहावे. एकाच बाजूने येत असेल, तर बुशचे छिद्र हाउसिंगच्या (बुश ज्यात बसतो त्या भागाच्या) छिद्राशी जुळलेले नाही किंवा खाच कोठेतरी बुजली आहे, आणि यंत्र कामावर पाठवण्याआधी ते दुरुस्त करावे.