पॅकेटफेन्स सांभाळायला कमांड लाइन शिकावी का, की वेब पॅनल पुरतं?

शिका. पॅनल पुरत नाही. एवढं लिहून थांबलो असतो, पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय की कॉलेजात नुकतंच पॅकेटफेन्स, म्हणजे नेटवर्कला कोण जोडलं जाईल ते ठरवणारं सॉफ्टवेअर, बसलं, बसवून देणारा माणूस सांगून गेला की सगळं ब्राउझरमधून होते, टर्मिनलला, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीला, हात लावायचं काम नाही, आणि आता कोणत्या कमांड शिकू, की शिकूच नको असं तुम्ही विचारताय. हेच वाक्य मी जसंच्या तसं ऐकलेलं आहे आणि त्याच्यापायी साठ पोरांची परीक्षा हातची जाता जाता राहिली, म्हणून जरा लांबच लिहितो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात लॅब आणि नेटवर्क पाहतो. राहतो तिथून चौदा किलोमीटरवर, गावात, घरी शेती आहे. पॅकेटफेन्स आमच्याकडे आलं ते फुकट आहे म्हणून, लायसन्सचे पैसे कॉलेज देऊच शकलं नसतं. पण माझ्या मते ते चांगलं आहे म्हणूनही, कोणत्या पोर्टवर कोण बसलंय, त्याला कोणता व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा कोणता वेगळा कप्पा द्यायचा, नवीन मशीन आलं तर आधी नोंदणी करायला लावायची, हे सगळं नीट करतं. पहिलं वर्षभर मी एसएसएचनेच, म्हणजे दुरून सर्व्हरच्या टर्मिनलमध्ये शिरून, सांभाळायचो. सोयाबीनच्या सवंगणीत वावरात असलो आणि कॉलेजातून फोन आला की मोबाइलवर टर्मिनल उघडायचं, व्हीपीएन लावायचा, आत जायचं. आमच्या वावरात नेटवर्कची एक कांडी येते, ती पण धुऱ्यावर उभं राहिलं तर. एवढ्यावर पॅनलचं पान अर्ध्यात अडकून बसायचं, पण टर्मिनलला दोन-चार ओळी इकडून तिकडे जायला काहीच लागत नाही. शहरात बसून पॅनल पुरे म्हणणाऱ्याने एकदा आमच्या धुऱ्यावर उभं राहून ते उघडून दाखवावं.

मग आमच्या विभागप्रमुख सरांना हे खटकायला लागलं. "अहो, कंपनीनं पॅनल दिलं ना, मग हे काळं काऊन उघडून राहिले तुम्ही?" असं त्यांनी सगळ्या स्टाफसमोर विचारलं. मी सांगायचा प्रयत्न केला की पॅनल आणि कमांड एकाच गोष्टीची दोन दारं आहेत, एक जाम झालं तर दुसरं लागतं. पटलं नाही. कंपनीच्या इंजिनिअरने पण त्यांच्या सुरात सूर मिळवला. सुरक्षेचं कारण देऊन सर्व्हरवरचं एसएसएच पार बंद करून टाकलं, बाहेरून तर बाहेरून, कॉलेजच्या आतल्या मॅनेजमेंट व्हीलॅनवरूनही. मी लेखी विरोध दिला होता, त्याची प्रत आजही माझ्याकडे आहे.

त्यानंतरच्या मे महिन्यात आमच्याकडे ऑनलाइन परीक्षेचं सेंटर होतं. साठ मशीन, तीन स्विच, दहाला पेपर, नऊला पोरं आत घ्यायची. मी पावणेआठला पोचलो तेव्हाच गेटवर गर्दी, आजूबाजूच्या खेड्यांवरून काळीपिवळीने आलेली पोरं, सोबत दुपट्टे बांधलेले बाप. लॅब उघडून मशीन सुरू केल्या आणि एकालाही नेटवर्क नाही. साठच्या साठ पिवळे त्रिकोण. पॅनल उघडलं तर लॉगिनचं पान आलं, पासवर्ड टाकला की गोल फिरत राहतं, मग एरर. कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला, तो म्हणे स्टेटसचा टॅब उघडून सांगा काय लाल दिसते. अरे बाबा, टॅबपर्यंत जाऊ तर दे! मग म्हणे नागपूरहून निघतो, दोनपर्यंत पोचतो.

स्विचवर गेलो. कन्सोल केबल, म्हणजे स्विचला थेट जोडायची वायर, माझ्या बॅगेत कायमची असते, त्याला कोणी बंदी घातली नव्हती. शो ऑथेंटिकेशन सेशन्स केलं तर सगळे पोर्ट फेल. आता तुम्ही म्हणाल, रेडियस सर्व्हर, म्हणजे आत कोणाला घ्यायचं ते स्विचला सांगणारा, पडला तर स्विचने पोर्ट आपोआप मोकळे सोडायला पाहिजेत, त्यासाठी क्रिटिकल व्हीलॅन असतो ना. लावलेला होता, मीच लावला होता. पण तो कधी चालतो, सर्व्हर उत्तरच देत नाही तेव्हा. शो एएए सर्व्हर्स पाहिलं तर सर्व्हर जिवंत, आणि रिजेक्टचा आकडा वाढत चाललेला. म्हणजे रेडियस उठून बसलेला, प्रत्येकाला नाही म्हणून राहिला, कारण त्याच्या मागे माहिती विचारायची ती जागा मेलेली. स्विचच्या दृष्टीने सगळं ठीक. ही गोष्ट लक्षात ठेवा, मेलेल्या सर्व्हरपेक्षा चुकीचं उत्तर देणारा सर्व्हर जास्त घातक आहे, मेलेल्यासाठी निदान सोय करून ठेवता येते.

एसएसएच बंद, म्हणजे सर्व्हरसमोर जाऊन बसल्याशिवाय गत्यंतर नाही. सर्व्हर रूमची किल्ली शिपाई काकांकडे, ते सायकलवर निघालेले होते, त्यांची वाट पाहण्यात वीस मिनिटं गेली. तोपर्यंत लॅबमधला एक जुना मॉनिटर आणि कीबोर्ड काढून दारापाशी आणून ठेवला. काका आले, गेटकडे पाहून म्हणाले, "बाप्पा, पोरं उन्हात उभी हायेत." आम्ही दोघांनी मिळून मॉनिटर रॅकच्या खाली फरशीवर ठेवला, केबल लावली, मी मांडी घालून बसलो.

लॉगिन झालं. डिरेक्टरीचं नाव अर्धं टाइप करून टॅब दाबला तर ओळ आली की तात्पुरती फाइल बनवता येत नाही, डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. तिथेच अर्धा उलगडा झाला. डीएफ डॅश एच मारलं, डिस्क शंभर टक्के. रेडियसच्या लॉगला टेल लावलं तर शेवटची ओळ रात्री २ वाजून १७ मिनिटांची, त्याच्यापुढे लिहायलाच जागा नव्हती. मारियाडीबी, म्हणजे पॅकेटफेन्सचा डेटाबेस, त्याच्या लॉगमध्ये एरर २८, म्हणजे तेच, जागा नाही. पॅनलचं लॉगिन डेटाबेसमधून होतं, डेटाबेस आडवा म्हणून पॅनल आडवं. ज्याला पाहायचं तेच बिघडलं की त्याच्यातून पाहता येत नाही, इतकी साधी गोष्ट मी वर्षभर सांगत होतो.

डीयूने मोठं काय आहे ते शोधलं. लॉगच्या फोल्डरमध्ये एक पीकॅप फाइल, म्हणजे नेटवर्कवरून काय गेलं-आलं त्याची नोंद, ६१ जीबी. कंपनीचा इंजिनिअर महिनाभरापूर्वी येऊन गेला होता, कसलातरी प्रॉब्लेम पाहायला त्याने टीसीपीडम्प, म्हणजे ती नोंद करणारी कमांड, लावून ठेवला आणि तसाच चालू सोडून गेला. टर्मिनलला हात लावायचं काम नाही म्हणणारा माणूस स्वतः टर्मिनलमध्ये घुसून काम करून गेला आणि बंद करायचं विसरला!

आता इथे नीट वाचा, कारण ह्यात नवीन माणूस हमखास फसतो. मी आरएमने ती फाइल उडवली, परत डीएफ केलं, तरी शंभर टक्के. फाइल दिसत नाही पण जागा सुटलेली नाही. लिनक्समध्ये जोपर्यंत एखाद्या प्रोसेसने फाइल उघडी धरलेली आहे तोपर्यंत नाव पुसलं तरी जागा मोकळी होत नाही, आणि टीसीपीडम्प तर पाठीमागे चालूच होता. एलएसओएफला प्लस, मोठा एल आणि एक असा ऑप्शन देऊन चालवलं की अशा नाव पुसलेल्या पण उघड्या फाइली दिसतात. दिसला. त्याचा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर, घेतला, किल केला, परत डीएफ, डिस्क ३४ टक्क्यांवर. त्या वेळी छातीवरचा दगड उतरला.

मग सिस्टिमसीटीएलने पॅकेटफेन्सची मारियाडीबी रीस्टार्ट केली, ती नीट उठली का ते लॉगमध्ये पाहिलं, आणि त्यानंतरच पीएफसीएमडी, म्हणजे पॅकेटफेन्सची स्वतःची कमांड, तिने सर्व्हिस पीएफ रीस्टार्ट. हा क्रम उलटा करू नका, डेटाबेस उठायच्या आधी बाकीच्या सर्व्हिसेस उठवल्या तर त्या धडपडत राहतात. पीएफसीएमडी सर्व्हिस पीएफ स्टेटसमध्ये एकेक ओळ हिरवी होताना पाहत बसलो. ते झाल्यावर लॅबमध्ये पळालो, तिन्ही स्विचवर इंटरफेस रेंज घेऊन शटडाउन, नो शटडाउन केलं, कारण फेल झालेला पोर्ट परत कधी विचारेल त्याची वाट पाहायला वेळ नव्हता. पहिल्या मशीनवरचा त्रिकोण गेला तेव्हा ९ वाजून १२ मिनिटं झाली होती. पोरं आत आली, पेपर दहाला सुरू झाला.

कंपनीचा माणूस अडीचला आला. दोन दिवसांनी मीटिंगमध्ये सर म्हणाले की तांत्रिक अडचण आली होती, कंपनीने तत्परतेने सोडवली. मिनिट्समध्येही तेच लिहिलं गेलं. मी माझा रिपोर्ट दिला होता, कमांडसकट, वेळेसकट, तो जोडला नाही. मला शाबासकी नको होती, पण एसएसएच परत चालू करा एवढं तरी त्या रिपोर्टवरून व्हायला पाहिजे होतं. ते झालं नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं. पॅकेटफेन्सच्या स्वतःच्या कमांड फार नाहीत. पीएफसीएमडीचे सर्व्हिस, चेकअप, कॉन्फिगरीलोड हार्ड आणि फिक्सपरमिशन्स एवढं आलं तरी रोजचं भागतं. खरं शिकायचं ते त्याच्या खालचं, म्हणजे लिनक्स आणि रेडियस. डिस्क, प्रोसेस, लॉग वाचणं, ग्रेप, म्हणजे फाइलीतून हव्या त्या ओळी शोधणं. रेडियसच्या डिबगमध्ये विनंती आल्यापासून उत्तर जाईपर्यंतची एकेक पायरी दिसते, ते वाचायला एक आठवडा द्या, पॅनलमध्ये फक्त रिजेक्ट दिसतं, का ते नीट इथे कळतं. ओपनएसएसएलने सर्टिफिकेटची शेवटची तारीख पाहायला शिका आणि ती कॅलेंडरमध्ये टाका. घड्याळही पाहत जा, आपल्याकडे लाइट जाते, यूपीएस दम तोडतो, सर्व्हरची आतली बॅटरी मेलेली असली की उठल्यावर तारीख भलतीच मागची येते आणि चांगलं सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही म्हणून नाकारलं जातं. टाइमडेटसीटीएल, एका सेकंदाचं काम. आणि पोरांचे मोबाइल रोज नव्याने नोंदणी मागत असतील तर आधी मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवर मशीन ओळखायचा नंबर, पाहा, दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो फोनने स्वतः बनवलेला पत्ता आहे, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून हे आपोआप होतं. लॉगमधून असे सगळे पत्ते काढायला एक ग्रेप लागतं, पॅनलमध्ये एकेक पाहत बसाल तर दिवस जाईल.

पॅनल वाईट आहे असं नाही म्हणत मी. पाहुण्यांना मंजुरी द्यायची, रोल बनवायचे, महिन्याचा रिपोर्ट काढायचा, तिथे पॅनलच बरं, मी पण तेच वापरतो. डेटाबेसच्या टेबलमध्ये हाताने बदल करू नका, कितीही सोपं वाटलं तरी. कॉन्फिगची फाइल हाताने बदलली तर आधी प्रत ठेवा आणि नंतर कॉन्फिगरीलोड हार्ड करा, नाहीतर बदल लागतच नाही आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. तुमच्याकडे सिस्कोचं आयएसई वगैरे, म्हणजे याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर, असतं तर गोष्ट वेगळी, तिथे कमांड मोजक्याच मिळतात, शो ॲप्लिकेशन स्टेटस आयएसई असल्या, पॉलिसी सगळी पॅनलमधूनच. आणि सरांचं एक बरोबर होतं ते पण सांगतो, एसएसएच जगाला उघडं ठेवू नये. व्हीपीएनच्या आत ठेवा, पासवर्डने नाही, की-फाइलने लॉगिन करा, प्रत्येकाचं वेगळं खातं ठेवा. पण उघडं ठेवू नये आणि अजिबात ठेवू नये ह्यात फार फरक आहे, आणि तो फरक सांगायला गेलो तेव्हा मला बोलू दिलं नाही. टीसीपीडम्प लावाल तेव्हा डॅश सी आणि मोठा डब्ल्यू देऊन फाइलचा आकार आणि संख्या बांधून टाका, आणि कंपनीचा माणूस येऊन गेला की तो गेटबाहेर पडायच्या आत पीएस लावून पाहा काय चालू सोडलंय ते.

सर्व्हर रूमची किल्ली कोणाकडे असते आणि ते कुठे राहतात हे आजच विचारून ठेवा. आमच्याकडे एसएसएच अजून बंदच आहे, मी दोनदा परत लेखी मागितलं. तो मॉनिटर आणि कीबोर्ड मात्र मी लॅबमध्ये परत नेऊ दिला नाही, केबल लावलेला रॅकच्या खाली तसाच ठेवलाय, आणि किल्लीची एक जोडी आता माझ्याकडे असते.