नरकात माणूस कायमचा जळत राहतो की जळून संपतो?

तुम्ही विचारलंय की तुमच्या मैत्रिणीच्या चर्चमधले पाळक म्हणतात नरकात गेलेला माणूस युगानुयुग यातना भोगत राहतो, आणि तिचेच ॲडव्हेंटिस्ट (हा एक प्रोटेस्टंट पंथ) काका म्हणतात की तो जळून नाहीसा होतो, मग बायबल एकच असताना दोघांचं वेगळं कसं, आणि ख्रिश्चन धर्माचं ऑफिशियल मत नेमकं कोणतं.

ऑफिशियल म्हणाल तर पाळकांचं. कॅथलिक चर्च आणि बहुतेक जुनी प्रोटेस्टंट चर्चेस कायमच्या शिक्षेच्या बाजूने आहेत. लुथरन लोकांच्या 1530 च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात (म्हणजे ‘आम्ही काय मानतो’ याच्या जाहीरनाम्यात) तर ‘नरकाच्या शिक्षेला शेवट आहे’ म्हणणाऱ्यांचा सरळ निषेधच केलाय. पण काकांचं मतही कुणीतरी काल-परवा काढलेलं नाही. मी नगरकडचा, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) चर्चमध्ये वाढलेला, आणि या विषयावर बरीच वर्षं वाचतोय, बायबल स्टडीत वादही घातलेत. माझा कल काकांकडे आहे. का, ते सांगतो.

आधी एक गोष्ट, कारण आपल्याकडे ती हमखास मध्ये येते. आत्मा अमर आहे, तो जळत नाही, भिजत नाही, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की ख्रिस्ती लोकही तेच मानत असणार असं आपण धरूनच चालतो. आणि एकदा आत्मा मरूच शकत नाही म्हटलं की मग वाईट माणसाचा आत्मा कुठेतरी कायमचा असायलाच हवा ना, त्यामुळे कायमची यातना आपोआप आलीच. सगळा वाद खरं तर इथे आहे. बायबलमध्ये, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 6 व्या अध्यायात, एकट्या देवालाच अमरत्व आहे असं स्पष्ट लिहिलंय. उत्पत्तीच्या 3 ऱ्या अध्यायात आदामाला बागेतून बाहेर काढलं ते कशासाठी, तर त्याने जीवनाच्या झाडाचं फळ खाऊन कायमचं जगू नये म्हणून. म्हणजे माणूस मुळात मरणारा, अमरत्व मिळालं तर ते दान म्हणून मिळतं. ‘आत्मा स्वभावतःच अमर’ या कल्पनेवर प्लेटोच्या ग्रीक विचारांचा मोठा प्रभाव आहे आणि सुरुवातीच्या चर्चमधले बरेच विद्वान त्यातच शिकलेले होते. कॅथलिक चर्चने आत्म्याच्या अमरत्वाबद्दल पाचव्या लॅटरन परिषदेत 1513 मध्ये ठराव केला.

हे डोक्यात ठेवून वाचलं की बरीच वचनं अगदी साधी वाटायला लागतात. पापाचं वेतन मरण आहे (रोमकरांस 6). जो विश्वास ठेवतो त्याचा नाश होऊ नये, तर त्याला सार्वकालिक जीवन मिळावं (योहान 3:16, हे तर आमच्याकडे संडे स्कूलच्या पोरांना तोंडपाठ असतं). आणि मत्तय 10:28 मध्ये येशू स्वतः म्हणतो की आत्मा आणि शरीर या दोघांचा नरकात नाश करायला जो समर्थ आहे त्याला भ्या. नाश म्हणजे नाश असं आपण रोजच्या बोलण्यात समजतो, मग इथेच त्याचा अर्थ ‘कायम जिवंत ठेवून छळणं’ का घ्यायचा, हा माझा पाळकांना प्रश्न असतो.

आता ते ‘किडा मरत नाही आणि अग्नी विझत नाही’ वालं वचन, ज्यावर आगीचे उपदेश होतात, ते मार्कच्या 9 व्या अध्यायात आहे. पण येशू तिथे नवीन काही सांगत नाहीये, जुन्या करारातल्या यशया या पुस्तकाच्या अगदी शेवटच्या ओळीतले शब्द घेतोय, आणि ती ओळ नीट वाचा, तिथे लोक बाहेर जाऊन पाहतात ती प्रेतं आहेत. मेलेली माणसं. किडे आणि आग त्या प्रेतांना लागलेत, कुणी ओरडत नाहीये, कुणी भोगत नाहीये. आग विझत नाही म्हणजे तिला कुणी थांबवू शकत नाही, ती काम पूर्ण करते. येशूच्या तोंडी ‘नरक’ म्हणून जो मूळ शब्द येतो तो गेहेन्ना, आणि ही पण खरीखुरी जागा, यरुशलेमच्या दक्षिणेकडची हिन्नोमची दरी, जिथे लोकांनी स्वतःची पोरं अग्नीत होम केली म्हणून यिर्मया संदेष्टा संतापून बोलतो, आणि म्हणतो की ही संहाराची दरी होईल, प्रेतं पुरायला जागा उरणार नाही. पुन्हा प्रेतंच. यहूदाच्या छोट्याशा पत्रात सदोम आणि गमोरा सार्वकालिक अग्नीची शिक्षा भोगतायत असं आहे, आणि ती गावं काही आज जळत नाहीयेत, ती संपली.

श्रीमंत माणूस आणि लाजराची गोष्ट (लूक 16) पण पुढे केली जाते, तो ज्वाळेत तडफडतोय म्हणून. पण ती जागा अधोलोक आहे, न्यायाच्या दिवसाच्या आधीची, त्याचे पाच भाऊ अजून घरी जिवंत आहेत. शेवटच्या शिक्षेबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही असं मला वाटतं.

आता पाळकांच्या बाजूचं, कारण ते काही दगडाच्या काळजाचे म्हणून असं बोलत नाहीत. त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा मत्तय 25:46. एकाच वाक्यात काही जण सार्वकालिक शिक्षेला जातात, काही सार्वकालिक जीवनाला. ऑगस्टीन या जुन्या चर्चमधल्या मोठ्या विद्वानाने पाचव्या शतकात हाच मुद्दा मांडला की एकीकडे सार्वकालिक म्हणजे न संपणारं आणि दुसरीकडे संपणारं, असं चालणार नाही. यावर नाशवाले (म्हणजे काकांच्या बाजूचे) म्हणतात की शिक्षा मरणाची आहे आणि ते मरण कायमचं, त्यातून परत येणं नाही, म्हणजे शिक्षा सार्वकालिकच झाली की. मला हे पटतं. पण प्रकटीकरण 20:10 मात्र जड जातं. तिथे सैतान, श्वापद आणि खोटा संदेष्टा यांना रात्रंदिवस युगानुयुग पीडा असं लिहिलंय. चारच ओळींनी पुढे मरण आणि अधोलोक पण त्याच अग्नीच्या सरोवरात टाकले जातात आणि त्याला ‘दुसरं मरण’ म्हटलंय, मरणाला काही यातना देता येत नाहीत, म्हणून हे सगळं चित्र आहे, असं उत्तर आमच्याकडे आहे. उत्तर चांगलं आहे, तरी ते वचन वाचताना दरवेळी मी अडखळतो हे खरं.

तिसरं मत पण आहे, की शेवटी सगळेच देवाकडे परततील. सुरुवातीच्या चर्चमधले विद्वान, तिसऱ्या शतकात ओरिजेन आणि चौथ्यात निस्साचा ग्रेगरी, त्या बाजूचे. मनापासून हवंसं वाटणारं मत, पण मत्तय 25 शी ते कसं जुळवायचं मला कळत नाही.

‘नाशवाले बायबलला सोडून भावनेच्या आहारी गेलेत’ हे वाक्य तुमच्या मैत्रिणीला ऐकवलं जाईल, तर तिला जॉन स्टॉटबद्दल सांगा. लंडनमधले अँग्लिकन पाळक, इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच शेवटचा शब्द मानणाऱ्या प्रोटेस्टंट जगात त्यांच्या शब्दाला केवढा मान. 1988 मध्ये त्यांनी लिहून टाकलं की कायमच्या यातनेची कल्पना मला भावनेने असह्य वाटते, पण भावना हा भरवशाचा वाटाड्या नाही, शास्त्र काय म्हणतं ते बघायचं, आणि शास्त्र बघून त्यांना नाशाची बाजू निदान विचारात घेण्यासारखी वाटली. तरी खूप जणांनी त्यांच्यावर टीका केली. त्यापेक्षा वाईट त्यांच्या आधीचे अँग्लिकन विद्वान एफ. डी. मॉरिस यांचं झालं, त्यांनी तर नाश होतो असंही म्हटलं नव्हतं, सार्वकालिक म्हणजे न संपणारा काळ हाच अर्थ घ्यायला नकार दिला, आणि 1853 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातली प्राध्यापकी गेली. पुढे 1995 मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्याच (हेच ते अँग्लिकन चर्च) डॉक्ट्रिन कमिशनने, म्हणजे शिकवणीबद्दलच्या समितीने, नरक म्हणजे कायमचा छळ नव्हे, अस्तित्वच संपणं, या अंगाने लिहिलं.

काकांच्या ॲडव्हेंटिस्ट पंथाचं हे अधिकृत मतच आहे (पुण्यात औंधला स्पायसर विद्यापीठ आहे ना, ते त्यांचंच). मेलेला माणूस झोपल्यासारखा असतो, मग पुनरुत्थान, मग न्याय, मग नाश, असा त्यांचा क्रम. आणि नाश म्हणजे फुकट सुटका नाही, लूक 12 मध्ये कुणाला थोडे फटके कुणाला पुष्कळ असं आहे, तसा आधी हिशोब होतो. हे महत्त्वाचं, कारण ‘मग हिटलर पण नुसता झोपला की काय’ हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे.

कुणी कॅथलिक असेल तर तिथला सूर थोडा वेगळा, कॅटेकिझममध्ये (चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या पुस्तकात) नरकाची मुख्य शिक्षा देवापासून कायमची ताटातूट अशी आहे, आणि पोप जॉन पॉल दुसरे 1999 मध्ये म्हणाले होते की नरक जागेपेक्षा अवस्था आहे. कायमचं मात्र तेही धरतात.

एक गोष्ट मला खटकते ती सांगतोच. बायका-पोरांना भीती घालून बाप्तिस्म्यापर्यंत आणायचं, आणि घरातलं कुणी ख्रिस्ती न होता वारलं असेल तर त्या कुटुंबासमोर आगीचं वर्णन करायचं, हे मी पाहिलंय आणि ते चूक आहे, मत कुठलंही असो. कोण कुठे गेलं हे ठरवायचं काम देवाचं आहे, कुठल्याही पाळकाचं नाही.

तुमच्या मैत्रिणीला सांगा, काकांना प्रकटीकरण 20:10 बद्दल विचार आणि पाळकांना यशया 66:24 बद्दल. दोघांनी वचन उघडून, पुढचं-मागचं वाचून उत्तर दिलं तर बोलणं पुढे जाईल. नाही दिलं आणि नुसता आवाज चढवला, तर तिने स्वतःच मत्तय 10 आणि 25 हे दोन्ही अध्याय शेजारी ठेवून वाचावेत, एका संध्याकाळचं काम आहे. काही अडलं तर इथे विचारा, जमेल तसं सांगतो.