मॅस्टोडॉनवर डेव्हलपर लोकांचा स्वतःचा सर्व्हर चालवायला नेमकी कशाची तयारी लागते?

तुम्ही लिहिलंय की तुमचा तीन-चारशे डेव्हलपरांचा गट आहे, आजवर एका कंपनीच्या चॅट ॲपवर होता आणि आता मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या, पण अनेक स्वतंत्र सर्व्हर मिळून चालणाऱ्या समाजमाध्यमावर स्वतःचा सर्व्हर उभारायचा बेत आहे. तांत्रिक बाजू तुम्ही बघून घ्याल, पण त्यापलीकडे काय लागतं, असा तुमचा प्रश्न. मी दोन सहकाऱ्यांबरोबर असाच एक सर्व्हर काही वर्षं चालवतो आहे, त्या अनुभवातून सांगतो.

डोमेनचा निर्णय सगळ्यात आधी आणि सगळ्यात सावकाश घ्या. प्रत्येक सदस्याच्या पत्त्यात ते डोमेन असतं आणि एकदा सर्व्हर सुरू झाला की ते बदलता येत नाही. चटपटीत दिसतं म्हणून भलत्याच देशाचं डोमेन घेऊ नका. क्वीअर डॉट एएफ नावाचा मॅस्टोडॉन सर्व्हर फेब्रुवारी २०२४ मध्ये असाच गेला. एएफ हे अफगाणिस्तानचं डोमेन, तिथल्या तालिबान सरकारच्या खात्याने ते बंद केलं. यंत्र चालू, डेटा शाबूत, पण पत्ताच उरला नाही.

तांत्रिक बाजूचं थोडक्यात सांगतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस, तात्पुरता डेटा हाताशी ठेवणारं रेडिस आणि पार्श्वभूमीची कामं करणारं साइडकिक, एवढा हा पसारा आहे. त्रास होतो तो डिस्कचा. तुमचे सदस्य ज्यांना फॉलो करतात त्यांची चित्रं आणि व्हिडिओही तुमच्याकडे साठत जातात, त्यामुळे बाहेरून आलेली ही जुनी साठवण आपोआप पुसली जाईल अशी सोय पहिल्या आठवड्यातच करा. बॅकअप घेताना डेटाबेसबरोबर कॉन्फिगरेशन फाइलमधल्या गुप्त किल्ल्याही घ्या. हॅकिडर्म हा तंत्रज्ञ मंडळींचा सर्व्हर आधी तो सुरू करणाऱ्या क्रिस नोव्हा यांच्या घराच्या तळघरातल्या यंत्रांवर चालायचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटर सोडून आलेल्यांची रीघ लागली, डिस्क दमल्या आणि सगळं दुसरीकडे हलवावं लागलं. त्या चमूने झालेल्या चुका उघडपणे लिहून ठेवल्या. त्या जरूर वाचा.

आता खऱ्या कामाकडे येतो. मॅस्टोडॉन ॲक्टिव्हिटीपबवर चालतं, म्हणजे वेगवेगळ्या सर्व्हरनी एकमेकांशी कसं बोलायचं याच्या ठरलेल्या नियमांवर. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यामुळे तुमचे लोक हजारो सर्व्हरवरच्या लोकांशी बोलू शकतात, आणि त्या सर्व्हरवरची घाणही तुमच्या दाराशी येते. ॲडमिनच्या हातात दोन मुख्य हत्यारं असतात. ‘मर्यादित’ केलं तर त्या सर्व्हरवरचे लोक सार्वजनिक टाइमलाइनवर दिसत नाहीत, पण ज्यांनी त्यांना फॉलो केलंय त्यांना दिसत राहतात. ‘निलंबित’ केलं तर सगळं तुटतं.

हे मला महागात पडून कळलं. एका रात्री एका सर्व्हरवरून सारखा स्पॅम येत होता. मी थकलेला होतो आणि तो आख्खा सर्व्हर निलंबित करून झोपलो. सकाळी आमच्याच एका सदस्याने विचारलं, ‘मी वापरतो ती कोड लायब्ररी सांभाळणाऱ्या बाई अचानक गायब कशा झाल्या?’ त्यांचं खातं त्याच सर्व्हरवर होतं. मी निलंबन लगेच मागे घेतलं, पण तुटलेले फॉलो परत जुळले नाहीत. दोन्ही बाजूंच्या लोकांना एकमेकांना नव्याने शोधावं लागलं. त्यातल्या काहींना आपण तुटलो आहोत हे कळलंही नसेल, कारण तेव्हा तसा निरोप जात नसे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या मॅस्टोडॉनच्या ४.३ आवृत्तीपासून तो जातो. त्या दिवसापासून आमचा नियम आहे: तातडीच्या वेळी एकट्याने फक्त मर्यादा घालायची, निलंबन मात्र दोघांच्या संमतीनंतरच, आणि कारण सदस्यांना दिसेल असं लिहायचं. तुम्हीही हे भांडण होण्याआधी लिहून ठेवा. भांडण पेटल्यावर लिहिलेला नियम कुणाला तरी आपल्याविरुद्धच लिहिल्यासारखा वाटतो.

डेव्हलपरांच्या गटात आणखी दोन गोष्टी हमखास घडतात. कुणीतरी घाईत एपीआय की, म्हणजे एखादी सेवा वापरण्याची गुप्त किल्ली, असलेला कोड टाकतो आणि मग पोस्ट पुसून निर्धास्त होतो. इथे पुसणं म्हणजे इतर सर्व्हरना केलेली विनंती असते, ती सगळे पाळतीलच असं नाही. अशी की ताबडतोब रद्द करायची, हे स्वागताच्या संदेशातच सांगा. दुसरी गोष्ट खासगी उल्लेखांची, म्हणजे ठरावीक लोकांनाच पाठवलेल्या पोस्टची. ते एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतील असे कुलूपबंद नसतात. तुमच्या सर्व्हरच्या ॲडमिनला आणि समोरच्याच्या सर्व्हरच्या ॲडमिनलाही ते डेटाबेसमधून वाचता येतात. लोक भाबडेपणाने सुरक्षेतल्या त्रुटी तिथे कळवतात. त्यांना वेळीच थांबवा आणि त्यासाठी वेगळी वाट दाखवा.

चॅटची सवय असलेल्यांना सुरुवातीला इथे ओकंबोकं वाटेल. आपल्यापैकी कुणी ज्यांना फॉलो करतं, साधारण त्यांच्याच पोस्ट सर्व्हरवर पोचतात. म्हणून पहिल्या महिन्यात आम्ही तिघांनी मुद्दाम शेकडो लोक आणि हॅशटॅग फॉलो केले. बाहेरच्या पोस्टखालची सगळी उत्तरंही दिसत नसत, त्यामुळे एकाच प्रश्नाला पाच जण तेच उत्तर देत. नव्या आवृत्त्यांत हे सुधारतंय. तरीही एका पोस्टच्या मूळच्या ५०० अक्षरांच्या मर्यादेत कोडवरची लांब चर्चा नीट होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या गटाचा जीव प्रश्नोत्तरांतच असेल तर लेमी हे दुसरं सॉफ्टवेअर बघा. तेही ॲक्टिव्हिटीपबवरच चालतं आणि विषयवार चर्चेसाठीच बनलेलं आहे.

आता ज्याबद्दल मला सर्वांत कळकळ आहे, ते सांगतो. सदस्याला दुसऱ्या सर्व्हरवर जाता येतं आणि त्याचे फॉलोअर बरोबर जातात. जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात. पण स्थलांतराचा निरोप जुन्या सर्व्हरनेच पाठवायचा असतो. तो एकाएकी बंद पडला तर माणसाने वर्षानुवर्षं जोडलेली माणसं एका क्षणात जातात. मॅस्टोडॉनच्या अधिकृत सर्व्हर-यादीत यायचं तर काही अटी मान्य कराव्या लागतात: रोजचा बॅकअप, आणीबाणीत सर्व्हर हाताळू शकेल अशी किमान आणखी एक व्यक्ती, आणि बंद करायचा झाल्यास तीन महिन्यांची पूर्वसूचना. यादीत जा अथवा जाऊ नका, या अटी पाळा. आमच्याकडे डोमेनच्या खात्याची चावी दीड वर्ष माझ्या एकट्याकडे होती. मी आजारी पडून दोन आठवडे अंथरुणाला खिळलो, तेव्हा सहकाऱ्यांना नूतनीकरणाची तारीखही ठाऊक नव्हती. अंगावर काटा आला तो बरा झाल्यावर. आता तिघांकडे सगळ्या चाव्या आहेत आणि वर्षातून एकदा मी मुद्दाम बाजूला बसतो. बाकीचे दोघे बॅकअपवरून रिकाम्या यंत्रावर सर्व्हर उभा करून दाखवतात.

नोंदणी कुणालाही खुली ठेवू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये फेडिव्हर्सभर, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या या सगळ्या सर्व्हरांवर, स्पॅमची लाट आली, ती बहुतेक खुली नोंदणी असलेल्या आणि कुणी लक्ष न देणाऱ्या छोट्या सर्व्हरांमधूनच. आमच्या अर्जात एकच प्रश्न आहे: सध्या काय बनवताय किंवा काय शिकताय? दोन ओळींचं उत्तर पुरतं. सकाळी ते अर्ज वाचायला मला पाच मिनिटं लागतात, आणि कोण नवीन येतंय हे नावानिशी कळतं.