नोकरी शोधायला परदेशात जाताना कुठला आरोग्य विमा घ्यावा?

ऑफर हातात नसताना निघताय, म्हणजे कंपनीचा विमा नाही आणि तिथल्या सरकारी योजनेतही बहुधा लगेच प्रवेश नाही. मधल्या काळाची सोय आपली आपणच करायची.

आधी व्हिसाची अट बघा. शेंगेन देशांच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) अल्पमुदतीच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचं संरक्षण लागतं. पण नोकरी शोधण्याचा व्हिसा बहुतेकदा दीर्घ मुदतीचा असतो आणि त्याला साधा प्रवास विमा चालेलच असं नाही. वकिलातीच्या यादीत काय लिहिलंय ते शब्दशः वाचा.

स्वस्त प्रवास विम्याची खरी गोम अपवादांच्या पानावर असते. अचानक अपेंडिक्स झालं तर तो खर्च देतो. जुना मधुमेह, दमा, बाळंतपण यांना सहसा हात वर करतो. काही पॉलिसींत अंगमेहनतीचं काम करताना झालेली इजा धरत नाहीत, म्हणजे गोदामात तात्पुरतं काम धरलंत तर पंचाईत. मी तर हेच पान आधी वाचतो, हप्ता नंतर बघतो.

विमा कंपनीला मेलवर तीन गोष्टी विचारा: मुदत परदेशातून वाढवता येते का, नोकरी लागल्यावर उरलेला हप्ता परत मिळतो का, आणि रुग्णालयाचं बिल ते थेट भरतात की आधी आपल्या खिशातून? उत्तर लेखीच घ्या.

नोकरी लागली की लगेच पॉलिसी रद्द करू नका, नवा विमा नक्की कुठल्या तारखेपासून लागू होतोय ते आधी पक्कं करा. आणि मायदेशातली जुनी पॉलिसी शक्यतो चालू ठेवा. ती बंद पडली तर परतल्यावर प्रतीक्षा काळ, म्हणजे जुन्या आजारांचा वगैरे खर्च मिळायला थांबावं लागतं तो काळ, पुन्हा पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो.