आपण नर्स का कारकून?

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला, नाईट संपवून रूमवर पोचल्या पोचल्या टाइप केलेला दिसतोय. एकटीवर बावीस पेशंट, त्यात दोन ऑक्सिजनवर, आणि सकाळी इन्चार्ज सिस्टर ओरडल्या त्या कशावरून तर आय-ओ चार्ट, म्हणजे पेशंटच्या अंगात किती पाणी गेलं आणि किती बाहेर आलं त्याचा तक्ता, अर्धा रिकामा म्हणून. आणि मग तुझा प्रश्न, "आपण नर्स का कारकून?" मीही हेच म्हणायचे गं, चांगली पाच-सहा वर्षं.

लॅम्प लायटिंगला, म्हणजे नर्सिंगच्या शपथविधीला, आपण नाइटिंगेलबाईंच्या आठवणीने हातात दिवा धरून शपथ घेतो ना, मला वाटतं दिव्याच्या जागी रजिस्टर द्यायला हवं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल, आपल्या नर्सिंगचा पाया घालणाऱ्या बाई, नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ जणींना घेऊन स्कुटारीच्या ब्रिटिश सैन्याच्या हॉस्पिटलात पोचल्या, ते आता इस्तंबूलचाच भाग आहे, क्रिमियाचं युद्ध चाललेलं. स्वयंपाक, कपडे, अंथरुणं सगळं बघायला लागल्या, आणि तरी मृत्यूचं प्रमाण सगळ्यात वर गेलं ते त्या तिथे असतानाच, फेब्रुवारी १८५५ मध्ये, १०० पेशंटमागे ४२. मार्चमध्ये सरकारने पाठवलेली सॅनिटरी कमिशनची, म्हणजे स्वच्छता बघणारी माणसं आली, हॉस्पिटलखालची तुंबलेली गटारं साफ केली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत आकडा २ च्या आसपास आला. बहुतेक सैनिक जखमांनी मेलेच नव्हते, जुलाब आणि तापाने मेले होते. पण हे बाईंना नीट उमगलं ते युद्ध संपल्यावर, विल्यम फार या आकडेतज्ज्ञाबरोबर बसून हिशेब मांडला तेव्हा. हिशेब तरी कसला, तिथल्या वेगवेगळ्या रजिस्टरमधले मृत्यूचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते! विचार कर, इतकी मेहनत केलेल्या बाईला कागदावरून कळतंय की माणसं हॉस्पिटलच मारत होतं. मला तर त्यांच्या कंदिलापेक्षा या धक्क्याचं जास्त वाटतं.

आता माझी गोष्ट, हसू नकोस. नोकरीचं दुसरं वर्ष, ऑपरेशन झालेल्या एका बाईंना ड्यूटी संपता संपता ट्रॅमाडॉल, दुखणं थांबवायचं औषध, दिलं आणि सही नंतर करू म्हणून निघाले, बस पकडायची होती. पुढच्या सिस्टरने चार्ट बघितला, रकाना रिकामा, बाई कण्हत होत्या, तिने परत दिलं. नशीब, नुसत्या गुंगीवर निभावलं, पण ती रात्र मी विसरलेली नाही. पुढे कधीतरी वाचलं की दुसऱ्या महायुद्धात मॉर्फिन दिलं की सैनिकाच्या कपाळावर एम लिहायचे, नाहीतर रिकामी सिरेट, म्हणजे सुईसकट औषधाची छोटी ट्यूब, त्याच्याच कॉलरला टोचून ठेवायचे. कारण थंडीने गारठलेल्या, रक्त गेलेल्या माणसात कातडीखाली दिलेलं मॉर्फिन लगेच भिनत नाही, दुखणं थांबत नाही म्हणून परत देतात, आणि मग अंगात ऊब आली की सगळं एकदम चढतं. गोळीबार चालू असताना त्यांना लिहायला वेळ मिळायचा आणि मला बस होती, काय बोलणार.

आणि तुझ्या आय-ओ चार्टबद्दल. १९७१ चं युद्ध, बांगलादेशातून लोंढे आले, पश्चिम बंगालमधल्या बोनगावला कॉलरा, पेशंट जमिनीवर एकमेकांना खेटून आणि सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ड्रम भरून ठेवले आणि पाजायचं काम नातेवाइकांना दिलं. जेवढं बाहेर जातंय तेवढं आत गेलं पाहिजे, सगळी ट्रीटमेंट एवढीच, म्हणजे आय-ओच की गं! मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ च्या खाली आलं. त्या धामधुमीत कोणी मोजलं नसतं तर साखर-मिठाच्या पाण्यावर कोणी विश्वास ठेवला असता का?

हां, स्टाफ कमी आहे हे खरंच आहे आणि ते तुझ्या चार्टने भरून निघणार नाही, त्यासाठी मेट्रनकडे लेखी दे, तोंडी बोलून काही होत नाही. पण सकाळी सहाला सगळे रकाने अंदाजाने भरून टाकतेस ना, ते आधी बंद कर. एक वेळ रिकामा ठेव, खोटा भरू नकोस. खिशात छोटी वही ठेव, इंजेक्शन दिलं की तिथेच वेळ आणि सही. शुद्धीतल्या पेशंटच्या नातेवाइकाला मापाचा ग्लास दे, किती पाजलं ते लिहायला सांग, बायका हे मन लावून करतात, माझा अनुभव आहे.

आणि ते कोपऱ्यातल्या बेडवरचे आजोबा, ज्यांची युरोबॅग, लघवीची पिशवी, रात्रभर बघितलीच नाही म्हणालीस, त्यांचं आज दुपारपर्यंत किती भरतंय ते कळव.

तुझी,
मावशी